उसवता येईल असा परकर

माझ्या लहानपणच्या एका खणाच्या परकराला काठाच्या वर तीन आडवे टक होते. दर दिवाळीच्या आधी आई त्यातला एक उसवायची आणि परकर दोन इंच खाली उतरायचा. उसवलेल्या जागी कापडाचा मूळचा गर्द रंग पट्टीसारखा उघडा पडायचा, कारण बाकीचा परकर तोवर उन्हाने आणि धुण्याने फिका झालेला असायचा. मला ती पट्टी फार आवडायची. तिसरा टक सुटला तोवर आतलं अस्तर एकदा बदलून झालं होतं आणि नेफ्यातली नाडी जाऊन इलॅस्टिक आलं होतं. वाढत्या अंगाचं शिवायचं म्हणजे काय, ते मला त्या परकराने शिकवलं.

गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींनी माळ्यावरची मशीन खाली काढली आहे. कुणाकडे खणाचं कापड असतं, कुणाकडे आजीच्या विरलेल्या पैठणीचे काठ. त्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. अस्तर कुठलं घेऊ? ते परकराला जोडून शिवू की सुटं ठेवू? चुण्यांचा करू की अंब्रेला? लेस आधी लावायची की खालची दुमड आधी घालायची? प्रत्येक शिंपी, प्रत्येक शिवणक्लास याची निराळी उत्तरं देतो आणि त्यातली बरीचशी आपापल्या जागी बरोबर असतात. इथे त्या सगळ्यांकडे एकत्र बघायचं आहे. माझी बाजू आधीच सांगते. घरी शिवलेला परकर दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडतोच असं नाही, सफाईतही तो कधी कधी उणा पडतो. पण तो पुन्हा उघडता येतो. लांबी वाढवता येते, अस्तर बदलता येतं, काठ काढून दुसऱ्या कापडाला लावता येतो. म्हणून प्रत्येक पद्धतीला मी एकच गोष्ट विचारते: हे उद्या उसवता येईल का?

‘परकर’ हा शब्दच मुळी दुहेरी आहे. साडीच्या आत नेसायचा तो परकर, आणि भोंडल्याला मुली पोलक्याबरोबर घालतात तोही परकर. एक आतला, एक मिरवायचा. अस्तराचा परकर शिवताना आपण हे दोन्ही एका नेफ्यात आणतो. अस्तर म्हणजे तुकडा वाचवून कसंबसं लावायचं कापड नव्हे, तो आतला पूर्ण परकर आहे असं समजून बेतलं, तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

आपल्याकडे शिवणकाम घरात यायला यंत्राची वाट बघावी लागली. एलायस होव यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राची पेटंटं घेतली. पुढे पुण्याच्या सेवासदनसारख्या संस्थांनी बायकांसाठी शिवणाचे वर्ग चालवले. सेवासदन १९०९ मध्ये सुरू झालं. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला मनापासून अपवाद केला होता. या यंत्राची एक खुबी आपल्या विषयाला फार जवळची आहे. घरगुती मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते, वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनमधला, आणि दोन्ही एकमेकांत अडकून कापडात बसतात. मधूनच एखादा टाका तुटला तरी सगळी शिवण सुटत नाही. आणि मुद्दाम सोडवायची असेल, तर दर चौथा-पाचवा टाका कापून उलट्या बाजूचा दोरा ओढला की ती कापडाला न दुखवता निघते. साखळीच्या टाक्याचं तसं नाही. योग्य टोक सापडलं तर तो सरसर सुटतो, पण आपल्याला नको असतानाही तसाच सुटतो.

आता कापणी. यात माझा अनुभव असा की काठ आधी ठरवावा आणि कापणी नंतर. आपण उलट करतो. अंब्रेला कापून मोकळे होतो आणि मग गोल घेरावर पैठणीचा सरळ काठ बसवायला जातो. तो बसत नाही. गोल घेराला खालची कड वरच्यापेक्षा लांब लागते आणि विणलेला काठ दोन्ही कडांना सारखाच असतो. मग त्याला वरच्या बाजूने बारीक चिमट्या घालाव्या लागतात आणि सुंदर काठ गोळा झाल्यासारखा दिसतो. चुण्यांच्या सरळ परकरात ही अडचणच येत नाही. आपला पारंपरिक परकर सरळ कापडाला चुण्या घालून होतो, त्याचं कारण माझ्या मते हेच आहे. कापडाच्या कडेला काठ विणलेला असतो, तीच कड पायाशी घ्यायची आणि दुसरी कंबरेला चुणायची. गुळेदगुड्डचा खण घ्या. उभा धागा रेशमाचा, आडवा सुती, पन्हा अरुंद आणि कडेला काठ. हा पन्हाच लहान मुलीच्या परकराची लांबी होतो. लावायला वेगळं काही लागतच नाही.

सहावारी साडीचा परकर करायचा असेल, तर बेत असा बसतो. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. सहा वर्षांच्या मुलीची कंबर २२ आणि परकराची लांबी २६ इंच धरू. काठापासून वर ३२ इंच कापड घ्यायचं. त्यातले दोन इंच नेफ्याला जातात आणि चार इंच दोन टकांना, कारण एक इंच रुंद दिसणारा टक दोन इंच कापड खातो. वर उरते ती दुसऱ्या काठाची १३ इंचांची पट्टी, तिच्यात पोलकं होतं आणि बाह्यांना काठही मिळतो. घेराला कंबरेच्या तिप्पट कापड पुरे, म्हणजे ६६ इंच. साडीची लांबी साडेपाच मीटर, तेव्हा जिथे ती विरली आहे तो भाग निवांत वगळता येतो. साडी नेहमी उजेडासमोर धरून बघावी. बाहेरून धड दिसणारं रेशीम निऱ्यांच्या घड्यांवर तुटत आलेलं असतं.

अंब्रेलाचं गणित वेगळं. कंबर २४ इंच असेल तर पूर्ण गोलासाठी ती ६.२८ ने भागायची, उत्तर येतं ३.८ इंच. ही आतल्या गोलाची त्रिज्या. त्यात ३० इंच लांबी मिळवली की बाहेरचा घेर होतो सुमारे २१२ इंच, जवळजवळ साडेपाच मीटर. दुकानात लेस सहसा ९ मीटरच्या बंडलात येते, म्हणजे दोन ओळींना एक बंडल पुरत नाही. हे आधी मोजलं नाही तर घेराच्या शेवटच्या वावभर अंतरात लेस संपते आणि तीच लेस पुन्हा मिळत नाही. शिवाय गोल कापणीत कापड कुठे उभं, कुठे आडवं आणि मध्ये सगळं उरेप येतं. उरेप भाग स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. कंबर शिवून झाली की असा परकर निदान एक दिवस टांगून ठेवावा, मग जमिनीपासून सारखं माप घेऊन खालची कड कापावी आणि त्यानंतरच लेसचा विचार करावा. कळ्यांचा परकर या दोन्हींच्या मधला. त्यात उसवायला जागा सर्वांत जास्त, कारण प्रत्येक शिवणीत अर्धा-पाऊण इंच दाब ठेवता येतो. आठ कळ्यांच्या परकरात प्रत्येक शिवण पाव इंच मोकळी केली, तर कंबर चार इंचांनी वाढते. वाढत्या मुलीला किंवा बाळंतपणानंतर अंग भरलेल्या बाईला याहून सोयीची कापणी नाही.

अस्तराच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे जरा थांबते. अस्तर हवं कशाला, तर जरीची मागची बाजू पोटऱ्यांना टोचू नये, उजेडात पाय दिसू नयेत, घामाने रेशीम खराब होऊ नये आणि चालताना बाहेरचं कापड अंगाला चिकटू नये. या चारही कामांना सुती अस्तर चांगलं. मलमल हलकी आणि मऊ, पण चुण्यांच्या जड परकराला ती ओढाताणीत विरते. पॉपलिन टिकतं. मॅचिंग सेंटरमध्ये मिळणारं टू बाय टू खणाला आणि पैठणीला मला सर्वांत योग्य वाटतं. मांजरपाट मजबूत, पण कडक आणि जाड, कंबरेला त्याचा गठ्ठा होतो. क्रेप आणि सॅटिन दिसायला गुळगुळीत असतात, बाहेरचं कापड त्यांच्यावरून घसरतं हा त्यांचा गुण. पण पॉलिएस्टरचं क्रेप उन्हाळ्यात घाम शोषत नाही आणि थंडीच्या कोरड्या हवेत पायांना चिकटतं. लहान मुलीच्या परकराला ते मी कधीच लावणार नाही. नेटच्या किंवा चंदेरीच्या परकराला मात्र अस्तराचा रंग बाहेर दिसतो, तेव्हा पोताइतकाच रंगही महत्त्वाचा. दुकानातून दोन्ही कापडं घेऊन रस्त्यावरच्या उजेडात यावं आणि एकावर एक धरून बघावं. आतल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नये.

आणि एक खजिना आपल्या कपाटातच पडून असतो: ओटीत आलेले ब्लाउजपीस. ८० सेंटिमीटरचे दोन सुती तुकडे शेजारी शेजारी जोडले, तर सहा वर्षांच्या मुलीच्या परकराचं अस्तर आरामात निघतं. दोन रंगांचे असले तरी काय बिघडलं? ओटीचं कापड लेकीच्या परकरात आतून राहावं, ही कल्पनाच मला गोड वाटते.

कुठलंही सुती अस्तर असो, ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे इंच-दीड इंच सहज आटतं. मी एकदा मोठ्या हौसेने तयार परकर विकत आणला होता. पहिल्याच धुण्यात त्याचं अस्तर आटलं आणि ते खाली बाहेरच्या कापडाला शिवून टाकलेलं असल्याने सगळा परकर फुगून घोट्यांशी आत वळला. अस्तर मोकळं करावं म्हटलं, तर आत इंटरलॉक मारून दाब मुळापर्यंत छाटलेला. तो परकर दुरुस्त झालाच नाही.

यातूनच अस्तर जोडण्याच्या पद्धतींचा प्रश्न येतो. एक पद्धत ब्लाउजसारखी: प्रत्येक तुकड्याखाली अस्तराचा तुकडा ठेवायचा, कडेने कच्चे टाके घालायचे आणि दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवायचं. जुनं, कमजोर झालेलं रेशीम असेल तर हीच पद्धत बरी, कारण सगळा ताण अस्तर घेतं. पण चुण्यांच्या परकराला ती वापरली की कंबरेशी दुप्पट जाडी होते. दुसरी पद्धत पिशवीसारखी: वर कंबरेला आणि खाली घेराला दोन्ही कापडं जोडून टाकायची, शिवण पोटात जाते, दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात. तयार कपड्यांत ही खूप असते, तिचं काय होतं ते वर सांगितलंच. तिसरी पद्धत सुट्या अस्तराची, आणि माझं मत पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. अस्तर वेगळं शिवायचं, फक्त कंबरेला जोडायचं, खाली मोकळं सोडायचं आणि बाहेरच्यापेक्षा एक ते दीड इंच आखूड ठेवायचं. आत वेगळी कापणी करता येते हा तिचा मोठा फायदा. बाहेरच्याला कंबरेच्या तिप्पट चुण्या असल्या तरी अस्तर कळ्यांचं करावं, वर सपाट आणि खाली घेरदार. कंबर बारीक दिसते आणि पायाला मोकळीक मिळते. मोठ्या बाईच्या अस्तराचा खालचा घेर ६० इंच तरी हवाच, नाहीतर बसची पायरी चढताना शिवण उसवते.

सुटं अस्तर लावताना एकच चूक हमखास होते. अस्तराची सुलट बाजू अंगाकडे यायला हवी आणि त्याच्या शिवणी बाहेरच्या कापडाच्या शिवणींकडे तोंड करून. दोन्ही उलट बाजू एकमेकींना भेटतात, कातडीला दाब टोचत नाही आणि उघड्या कडा दोन कापडांच्या मध्ये झाकून जातात. कंबरेला पक्की टीप मारण्याआधी परकर एकदा हातात धरून हे बघून घ्यावं. अस्तर फार हलत असेल, तर कडेच्या शिवणींशी, खालच्या कडेपासून वितभर वर, दोऱ्याची इंचभर साखळी विणून दोन्ही कापडं जोडावीत. कात्रीच्या एका टोकाने ती सुटते.

कंबरेविषयी थोडक्यात. नाडी कुठल्याही अंगाला होते, इलॅस्टिक मुलींना सोयीचं, पट्टा आणि हूक दिसायला नीट पण माप बदललं की कामातून गेला. लहान मुलींच्या कंबरेला उतार नसतो, म्हणून जड परकर घसरतो. त्यांच्यासाठी अस्तरालाच वर बिनबाह्यांची सुती बंडी जोडून परकर खांद्यावर पेलवावा. वरून पोलकं आलं की ती दिसत नाही.

आता सजावट. काठ, गोट, लेस, गोंडे, आरसे, भरतकाम ही सगळी घेरावर येतात ती शोभेसाठी खरी, पण घेराची कड हीच परकराची सर्वांत आधी झिजणारी जागा आहे. उरेप पट्टीची मगजी किंवा गोट त्या कडेला घट्ट गुंडाळला की झीज गोट सोसतो आणि कापड वाचतं. दोन वर्षांनी गोट काढून नवा लावावा. गोल घेराला तर उरेप पट्टीसारखं दुसरं काही नाही, कारण ती वळणाबरोबर वळते. खणाच्या परकराला पोलक्याच्याच कापडाचा पाऊण इंची गोट इतका देखणा दिसतो की लेसची आठवण येत नाही.

जुना काठ लावायचा असेल तर जर आधी ओळखावी. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार असते आणि वर सोन्याचा मुलामा. ती काळवंडते, पण टिकते. तांब्याच्या जरीला नखाने घासलं की लालसर झाक दिसते. आणि हल्लीची बरीचशी जर प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची असते. टोकाचा एक धागा जाळून बघितला तर तो वितळून गोळी होतो. तिला गरम इस्त्री लागली की काठ आक्रसतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. वर सुती फडकं टाकून इस्त्री करायची सवय लावून घ्यावी. काठ जुन्या साडीतून काढताना त्याच्यालगत कापू नये, साडीचं अर्धा इंच कापड त्याला राहू द्यावं. पुढच्या वेळी तो पुन्हा उसवायचा आहे, तेव्हा टीप त्या कापडात पडावी, काठात नव्हे. रेशमात सुईची भोकं कायमची राहतात. सुती कापडात ती धुतल्यावर बुजतात.

लेसची दुकानं बघताना माणूस हरखून जातं. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या भुलेश्वरला गेलं की जरीच्या, गोटापट्टीच्या, टिकल्यांच्या, नागमोडी, लोकरी गोंड्यांच्या लेसा भिंतभर लटकत असतात. घेताना मी तिघींना बाजूला काढते: धुता येणारी, न धुता येणारी आणि पायाला टोचणारी. गोटापट्टी मूळची राजस्थानची, लखलखीत आणि नाजूक. सणाच्या परकराला ती शोभते, पण धुण्यात तिच्या पाकळ्या उकलतात. ती मशीनने लावूच नये. हाताने धावदोरा घालावा, सण झाला की दोरा ओढून काढावी आणि कागदाच्या नळीवर गुंडाळून ठेवावी. सुती किंवा क्रोशाची लेस मात्र मशीनने लावायला हरकत नाही, फक्त अस्तरासारखी तीही आधी भिजवून आटवून घ्यावी. कुठलीही लेस लावताना ओढायची नाही. हात थोडा सैल ठेवून ती कापडावर नुसती टेकवत जायचं. ओढलेली लेस शिवताना सरळ दिसते आणि मशीनवरून उतरली की सगळा घेर गोळा करते. घेराचे चार सारखे भाग खडूने आखून, लेसचेही चार भाग करून खुणा जुळवल्या, तर ही चूक होत नाही. दुमड आधी की लेस आधी, याचं उत्तरही लेसच्या वजनावर आहे. जड लेस दुमडीच्या दोन पदरांवर बसवावी, म्हणजे कापड लोंबत नाही. हलकी लेस आधी लावून तिची कड दुमडीत लपवावी.

भरतकामाकडे मी शेवटी येते, कारण ते उसवण्याच्या कसोटीला अपवाद आहे. धारवाडकडची कशिदा, म्हणजे कसुती, कापडाचे धागे मोजून घालतात, आणि तिला गाठ मारत नाहीत, त्यामुळे तिची मागची बाजूही स्वच्छ असते. पण ती कापडातच मुरते, काढून दुसरीकडे नेता येत नाही. तरीही खणाच्या परकराच्या घेराला कसुतीची एक ओळ कुणी स्वतःच्या हाताने घालत असेल, तर मी तिला अडवणार नाही. एवढंच म्हणेन, की ती थेट परकरावर घालण्याऐवजी वेगळ्या पट्टीवर घाला आणि पट्टी परकराला लावा. परकर जाईल, पट्टी राहील.

शिवणीच्या दोऱ्यालाही उसवण्याची कसोटी लागू होते. जुन्या रेशमाला जाड पॉलिएस्टरचा दोरा लावला की ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड कापलं जातं. दोरा कापडापेक्षा थोडा कमजोर असावा. सुती दोरा, ११ नंबरची सुई आणि थोडा मोठा टाका जुन्या रेशमाला पुरतो. उसवताना अर्धं ब्लेड वापरायची आपल्या घरांतली सवय मात्र सोडायला हवी. शिवण उसवायचं टोकदार हत्यार कुठल्याही शिवणसामानाच्या दुकानात मिळतं आणि त्याने कापड फाटत नाही.

परकर शिवून झाला की उरलेलं कापड आणि काठाचा तुकडा कपाटात टाकून देऊ नका. अस्तराच्या आतल्या बाजूला, नेफ्याच्या खाली, तो चार कच्च्या टाक्यांनी टाचून ठेवा. तो तिथे प्रत्येक वेळी परकराबरोबर धुतला जाईल आणि परकराबरोबरच फिका होईल. चार वर्षांनी ठिगळ लावायची किंवा कंबरेला कळी जोडायची वेळ आली, तर रंग जुळवायला दुकानं पालथी घालावी लागणार नाहीत.